भुयारातली हाक

डोंगराला पायवाटसुद्धा नव्हती तेव्हाची गोष्ट. मी पाल, भुयाराच्या तोंडाशी भेगेत राहायचे. त्यामुळे शेजारच्या वटवाघळांचं सगळं कानावर पडायचंच. एकदा त्यांच्यातली म्हातारी कुजबुजली, "पोरगी आत गेली की भुयार तिचा आवाज ठेवून घेतं, आणि पोरगी..." मला बघून ती गप्प झाली.

आत शाळा भरायची. हाक द्यायची, ती कशावर आपटून परत येते ते ऐकून अंधारात वाट ओळखायची, ही विद्या फक्त मुलग्यांना. मुली आईला बिलगून राहायच्या. एकट्या उडाल्या की निवडुंगाच्या काट्यांत अडकून मरायच्या. रुंजी नावाच्या एका पोरीची बहीण तशीच गेली.

तेव्हापासून रुंजी आयांच्या मागेच लागली. "काकू, तुमच्या पोरीला आत पाठवा ना!"

"आधी तू जा, शहाणे," काकू म्हणाली. "परत आलीस तर बघू."

रुंजी गेली. आतून तिची हाक आली, "या गं, आत या!" मग कितीतरी वेळ काहीच नाही. माझी तर शेपटी गळायची वेळ आली.

आणि रुंजी बाहेर आली. निवडुंगांच्या दाटीतून हाका देत, एकाही काट्याला न शिवता फिरली नि माझ्यासमोर तोंड मिटून लटकली. तेवढ्यात भुयारातून तिचाच आवाज आला, "या गं, आत या!"

काकू म्हणाली, "आवाज ठेवून घेतला हे खरंच की गं!"

"पण पोरगी परत आली," दुसरी आई हळूच म्हणाली.

पोरींनी आयांना घट्ट धरलेले पंजे सोडले, आणि त्या आवाजाच्या दिशेने एकेक करून आत शिरल्या.