साळुंकीचं जेवण

“ते राहू द्या बुवा. आधी सांगा, निवडतो कोण?”

शिवदासने चपला काढता काढताच प्रश्न टाकला. नमस्कार राहिला, ख्यालीखुशाली राहिली.

नारोबुवा मठाच्या अंगणात मेथीची जुडी सोडून बसले होते.

“सध्या तरी मीच निवडतोय,” ते म्हणाले. “ये. तूही निवड.”

शिवदास बसला, पण भाजीला हात लावला नाही. तो हात भाजीला लावायचा नव्हे, असं त्याचं स्वतःचं मत होतं. तालुक्यात त्याच्या तोडीचा चित्रकार नव्हता. एकदा पाहिलेली वस्तू तो हुबेहूब उतरवी, आणि उतरवून झाली की लोकांच्या तोंडाकडे बघत उभा राही.

त्याच्या हातात पहिला खडू दिला तो याच बुवांनी. आता बुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शिष्याच्या डोक्यात हवा गेली होती. इलाज दोन्हींवर होता, पण दोघंही चालढकल करत होते.

आज मात्र शिष्याचं घोडं अडलं होतं.

शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत भिंतभर उत्क्रांती रंगवायचं काम त्याने घेतलं होतं. मासे झाले, चिखलात पाय रोवणारे मासे झाले, सरडे, पाखरं, माकडं, माणसं, सगळं झकास उतरलं. मधोमध दाखवायची होती नैसर्गिक निवड. आता निवड म्हटली की निवडणारा हवाच ना? म्हणून त्याने आभाळातून उतरलेला भला थोरला हात काढला. चिमटीत एक हिरवागार नाकतोडा. हाताभोवती थोडं तेज, कारण त्याशिवाय तो बोडका दिसत होता.

मुलं खोली बघायला आली. दारातच चपला काढल्या आणि भिंतीपुढे हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी भिंतीशी दोन जास्वंदी होत्या आणि अर्धा पेढा.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, चित्र सुरेख आहे, पण मी विज्ञानाची खोली मागितली होती आणि तुम्ही देवघर करून दिलंत. सोमवारी उद्घाटन. तोवर तो हात काढून तिथे काहीतरी शहाण्यासारखं रंगवा, नाहीतर मधल्या जागेवर चुना मारून घेऊ.

चुना! आणि तोही शिवदासच्या चित्रावर. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि असे हसले की मांडीवरची मेथी अंगणभर झाली.

“उरलेला अर्धा पेढा कोणी खाल्ला?” त्यांनी विचारलं.

“बुवा, माझी अब्रू जायची वेळ आलीय.”

“बरं, बरं.”

“हात नको तर मग काय काढू? निवडणाऱ्याचं चित्र काढायचं तरी कसं?”

बुवांनी हात झटकले…

गुडघ्यांवर हात टेकून उठले…

मग म्हणाले, “खडू आणलेस?”

खडू शिवदासच्या झोळीत असायचेच. बुवांनी चुलीतला कोळसा दिला, तुळशीपाशी ठेवलेला गेरू दिला, आणि अंगणातल्या रुंद काळ्या दगडाकडे बोट केलं. दगड खडबडीत होता. त्यावर दगडफुलाचे करडे, पांढरट, तांबूस डाग पडले होते.

यावर नाकतोडे काढ, ते म्हणाले. रंगाचे, ढंगाचे, हवे तसे. दगड भरून जाऊ दे.

“आणि तुम्ही?”

“मी साळुंकी,” बुवा म्हणाले आणि ओलं फडकं घेऊन दगडाशी उकिडवे बसले.

खेळ सोपा होता. साळुंकी मनात एक श्लोक म्हणणार. श्लोक संपेपर्यंत जेवढे नाकतोडे दिसतील, तेवढे फडक्याने पुसणार. ते तिचं जेवण.

शिवदासला मनातून हसू आलं. म्हाताऱ्याला हात धरून नदीवर न्यावं लागतं, आणि हा नाकतोडे टिपणार! पण त्याने मन लावून काढले. पांढरे काढले, तांबडे काढले, कोळशाचे काढले. मधोमध एक हिरवा असा काढला की पंखांच्या शिरा मोजून घ्याव्यात. एका ठिकाणी खडू मोडला आणि एक नाकतोडा तुटक रेघांचा, अर्ध्या पायांचा निघाला. त्याची शिवदासला लाज वाटली. तो पुसायला गेला, तर बुवांनी हात धरला.

“पुसायचं काम माझं.”

श्लोक सुरू झाला. बुवांचं फडकं पहिल्यांदा पडलं ते थेट हिरव्यावर.

शिवदासच्या काळजात चर्र झालं. “बुवा, तो सगळ्यांत चांगला होता.”

“चविष्ट होता,” बुवा म्हणाले आणि पांढऱ्यांकडे वळले.

श्लोक संपला तेव्हा दगडावर थोडेच उरले होते. भेगेशेजारचा एक कोळशाचा, दोन-तीन मातकट, आणि तो तुटक रेघांचा, लाजिरवाणा. तो दगडफुलाच्या डागात असा बसला होता की बुवांची नजर त्याच्या अंगावरून गेली आणि त्याला पुसायचं राहूनच गेलं.

“आता यांना पोरं होऊ देत,” बुवा म्हणाले. “प्रत्येकाशेजारी त्याचीच दोन-तीन काढ. आईबापासारखी.”

“हुबेहूब काढतो.” हे तर शिवदासचं घरचं काम होतं.

पण दगड कागदासारखा थोडाच असतो? खडू उंचवट्यावर अडे, खळग्यात घसरे. एक पोर जरा काळं झालं, एकावर ठिपके उमटले. एकाचं डोकं भोपळ्याएवढं झालं. हुबेहूब एकही झालं नाही, आणि शिवदासला घाम फुटला.

साळुंकी जेवायला बसली. भोपळ्याच्या डोक्याचं पहिल्या झटक्यात गेलं. ठिपक्यांचं राहिलं.

पुन्हा पोरं. पुन्हा श्लोक.

तिसऱ्या खेपेला शिवदासच्या डोक्यात उजेड पडला. लपणारे उरतायत तर! मग आपण मुद्दामच लपणारे काढू. त्याने दगडफुलाचा डाग निरखून पाहिला आणि त्याच रंगाचा खडू शोधायला झोळीत हात घातला.

“काय शोधतोस?”

“याला जरा मदत करतो.”

“नाकतोड्याची आई पोटुशी असताना दगडाचा रंग बघून येते का?” बुवा म्हणाले. “तू फक्त नक्कल कर. अक्कल लावू नकोस.”

लहानपणापासून शिवदासने याच्या उलट ऐकलं होतं, की नकलेलासुद्धा अक्कल लागते. पण गुरूची आज्ञा. त्याने अक्कल बाजूला ठेवली आणि नुसती नक्कल करू लागला. हात मोकळा झाला. चुका होत गेल्या, त्यांची लाज वाटेनाशी झाली. पुष्कळ चुका फडक्याखाली गेल्या. एखादीच राहिली, आणि राहिली तिला पोरं झाली, आणि पोरांतही ती दिसू लागली.

उन्हं अंगणात आली. मेथी तशीच पडून होती. गुरुशिष्य दगडावर ओणवे होते, आणि वाटेने जाणारी बायामाणसं थांबून बघत होती.

साळुंकीचं मात्र पोट भरेना. एका श्लोकात दोनच सापडले, मग एकच. बुवा कुरकुरू लागले की असल्या दगडावर संसार कसा चालायचा.

“म्हणजे करडा रंगच श्रेष्ठ,” शिवदासने निकाल देऊन टाकला.

बुवांनी चुन्याने सारवलेल्या तुळशीच्या कट्ट्याकडे बोट केलं. “त्यातला एक तिकडे नेऊन बसव.”

शिवदासने कट्ट्यावर तसाच एक करडा काढला. हात उचलायच्या आधी फडकं पडलं.

श्रेष्ठ नाकतोड्याचा नुसता डाग उरला. शिवदासने पांढऱ्या कट्ट्याकडे पाहिलं, काळ्या दगडाकडे पाहिलं. मघाशी पुसले गेलेले आपले पांढरे नाकतोडे त्याला आठवले.

मग एक श्लोक आला. बुवांनी तो सावकाश, पुरता म्हटला. मान दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली…

फडकं हातातच राहिलं.

“उपास,” बुवा म्हणाले.

शिवदास खाली वाकला. त्याचे डोळे तरणे, चित्रं त्याच्याच हातची, तरी त्याला नाकतोडे सापडेनात. बोटाने चाचपल्यावर एक लागला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग दगडफुलाचा डाग म्हणून जे दिसत होतं, त्याला पाय निघाले. सगळा दगड त्यांनी भरला होता.

अशी चित्रं त्याने जन्मात काढली नव्हती. काढायची ठरवली असती तर जमलीही नसती. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. भिंतीवरच्या हाताची त्याला आता दया आली. तो हात उद्या सकाळी जाणार होता, आणि त्या जागी हा दगड येणार होता, नुसता दगड. मुलं चपला काढायची विसरतील. भिंतीला नाकं लावून शोधत बसतील. एकाला सापडला की दुसऱ्याला ओढून आणतील. बाईंना चुना परत पाठवावा लागेल.

त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. सकाळचा राहिलेला नमस्कार तो एकदाचा झाला.

पण खोड कुठे जाते? उठता उठता त्याच्या मनात आलं, चित्राखाली नाव तर घालायला हवं.

“नाव कोणाचं घालू, बुवा?” त्याने विचारलं. “काढले मी खरे, पण असे काढायचं माझ्या मनात नव्हतं. तुम्ही तर एकही काढला नाहीत, नुसते पुसलेत. मग इतके देखणे नाकतोडे केले कोणी?”

बुवा दगडावर वाकले. कपाळावर हात आडवा धरला. डोळे बारीक केले…

आणखी वाकले…

“कुठले नाकतोडे?”