साळिंदराने फिरवलेली धावपट्टी

एका जंगलात एक म्हातारे साळिंदर राहत असे, आणि मुलांनो, आपल्याला जे आठवते ते खरोखर घडले की नुसते तसे वाटते, याची त्याला कधीच खात्री नसे. तसे ते फार शिकलेले होते. कंदमुळांची नावे, ताऱ्यांच्या जागा, मातीचे प्रकार, सगळे त्याला ठाऊक. पण कुणी काही विचारले की आधी त्याच्या पाठीवरचे काटे खुळखुळ वाजत आणि मग ते म्हणे, "मला वाटतं... पण चुकतही असेन हं!" हे ऐकले की माकडे पोट धरून हसत.

जंगल दरीत होते आणि तिथली वस्ती दर वर्षी वाढत होती. शेजारची राने वाळली, तिथली जनावरे इकडे आली. दरीतल्या तळ्याच्या काठाला बिळाशी बीळ लागले. नेमक्या त्याच काठावर दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून करकोच्यांचा थवा उतरत असे. करकोचे टोळ वेचून खात, म्हणून गवत उरे, आणि त्या गवतावर सारे जंगल जगे. पण गेल्या साली उतरायला जागाच नव्हती. एक करकोचा थेट सशाच्या दारात आपटला आणि त्याचा पाय मोडला. परत जाताना थव्याची म्होरकी म्हणाली, "तुमचा पाहुणचार चांगला, पण अंगण फार अरुंद. पुढच्या हिवाळ्यात मोकळी जागा दिसली नाही, तर आम्ही नदीपलीकडे उतरू. मग आमची वाट पाहू नका."

सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सभा भरली. कोल्हा उठून म्हणाला, "दरीत जागा नाही, तर वर माळ आहे! साळिंदरांची जुनी वस्ती उठल्यापासून तिथं कुणी राहत नाही. तिथं अशी धावपट्टी बांधू, की देशोदेशीचे पक्षी आपल्या जंगलाचं नाव काढतील!" श्रावणात माती मऊ झाली आणि काम सुरू झाले. जड पक्ष्याला उतरताना वारा समोरून छातीवर घ्यावा लागतो; तो बाजूने कुशीवर आदळला तर पक्षी कोलमडतो. म्हणून कोल्ह्याने माळावर काठी रोवून तिला मोरपीस बांधले. तीन दिवस पीस पूर्वेकडे फडफडत राहिले, म्हणजे वारा पश्चिमेचा. त्याने पट्टी पूर्व-पश्चिम आखली. रानडुकरीण मुकादम झाली. तिने दगड उखडले, सशांनी ते वाहिले, हरणांनी खुरांनी जमीन चोपली.

पट्टी निम्मी झाली तेव्हा साळिंदर धापा टाकत वर आले. "कोल्होबा, थंडीत या माळावर वारा उत्तरेकडून येतो. म्हणजे, मला वाटतं. लहानपणी आम्ही इथं होतो. आई बिळाचं तोंड कधी उत्तरेला करू देत नसे. पण चुकतही असेन हं!"

"काका," कोल्हा म्हणाला, "काल काय जेवलात ते आठवतंय का?"

साळिंदर विचारात पडले. काटे खुळखुळले. "काल... कंद? की ते परवा?"

हशा पिकला. रानडुकरीण नाकावरचा चिखल पुसत म्हणाली, "काका, माझी कंबर मोडून निम्मी पट्टी झालीय. ती आता तुमच्या आईच्या आठवणीवर फिरवू होय?"

साळिंदर मान खाली घालून परतले. घरी त्याला चैन पडेना. आपले खरे असेल आणि आपण गप्प बसलो, तर करकोचे कोलमडतील. आपण चुकत असू आणि काम फिरवायला लावले, तर हिवाळ्यापर्यंत पट्टीच होणार नाही. आठवणीवर भरवसा नाही, तर मग भरवसा ठेवावा कशावर? अखेर ते उठले आणि पुन्हा माळावर जाऊन जुनी बिळे शोधू लागले. एक सापडले, तोंड दक्षिणेला. दुसरे, तिसरे... सातवे, सगळ्यांची तोंडे दक्षिणेला. तरी त्याचे मन मानेना. 'कदाचित उन्हासाठी तशी केली असतील,' ते पुटपुटले आणि आणखी पुढे गेले. झुडपाआड आठवे बीळ होते. त्याचे तोंड उत्तरेला होते, आणि ते घशापर्यंत काळ्या, जुन्या कुसळांनी गच्च भरले होते.

साळिंदराने रानडुकरिणीला बोलावून आणले. तिने बिळात नाक खुपसले, हुंगले आणि शिंकली.

"कुसळ पिकतं ते पाऊस सरल्यावर," ती सावकाश म्हणाली. "उत्तरेच्या तोंडातून ते आत कोंबलं कुणी? थंडीतल्या वाऱ्यानंच ना? कोल्होबा, इकडे या! पट्टी फिरवायची!"

"वेड लागलं का बाई तुम्हाला?" म्हणत कोल्हा आला. त्याने बिळात पंजा घातला आणि मूठभर कुसळे बाहेर काढली. "माझं पीस खोटं बोललं नाही," तो म्हणाला. "मीच त्याला चुकीच्या महिन्यात विचारलं."

मग काय विचारता! सारे जंगल कामाला लागले. हसणारी माकडेही हातोहात दगड देत रांगेत उभी राहिली. पट्टी उत्तर-दक्षिण वळली आणि कार्तिकातल्या एका सकाळी, शेवटचा दगड बाजूला होतो न होतो तोच, आभाळात "क्रर्र, क्रर्र" असा आवाज घुमला.

वारा सुटला होता. काठीवरचे पीस ताठ झाले आणि त्याचे टोक दक्षिणेकडे वळले. वारा उत्तरेचा! तरीही साळिंदराने डोळे गच्च मिटून घेतले. त्याचे काटे थव्यापेक्षा मोठ्याने वाजत होते. डोळे उघडले तेव्हा पहिला करकोचा वाऱ्याला छाती देत अलगद टेकला होता. मग दहा, मग पन्नास, मग मोजता येईनात इतके. सर्वांत शेवटी गेल्या साली पाय मोडलेला करकोचा उतरला, चार पावले धावला आणि ताठ उभा राहिला. साऱ्या माळाने एकच आरोळी ठोकली.

"पंख पसरावे आणि उतरावे, इतकी सरळ जागा!" म्होरकी म्हणाली. "आखली कुणी?"

कोल्ह्याने साळिंदराला पुढे ढकलले. "यांनी. आणि काल काय जेवले, ते यांना अजून आठवत नाही!"

पुन्हा हशा पिकला. या वेळी साळिंदरही हसले. "थांबा," ते म्हणाले, "घरी जाऊन सालपटं बघून सांगतो."

पुढे पाच हिवाळे, थवा उतरे त्या प्रत्येक सकाळी ते माळावर जाऊन मोरपीस पाहून येई. पाचव्या वर्षी त्याने कोल्ह्याला सांगितले, "पाचही वेळा वारा उत्तरेचाच होता." आणि पहिल्यांदाच त्यापुढे "चुकतही असेन" म्हणाले नाही.

तात्पर्य : आपल्या आठवणीबद्दल शंका असेल, तर हसण्याला भिऊन गप्प बसू नये, जागेवर जाऊन पुरावा शोधावा. तपासून घेतलेली शंका साऱ्यांच्या कामी येते.