भिवरेची चाळिसावी चिंधी

गावात अजून घड्याळ आलेलं नव्हतं, लोक सूर्य बघून जेवायचे, तेव्हाची ही गोष्ट. खरी का खोटी ते मला विचारू नका. मी सांगते, तुम्ही ऐका. कुणी जांभई दिली तर चिमटा काढीन.

तर आपल्या या खैरमाळ गावाबाहेर एक उघडाबोडका माळ होता. गवताची काडी नाही. कुत्रंसुद्धा तिथं बसायचं नाही, बूड भाजायचं म्हणून. हैबती पाटलाच्या मनात होतं की तिथं चुन्याची भट्टी लावावी. म्हणजे उरलासुरला वारासुद्धा धुराचा झाला असता.

गावात भिवरा नावाची एक माळीण होती. एकटी, हडकुळी, तोंडानं फटकळ. ती चावडीवर जाऊन उभी राहिली.

"पाटील, माळ मला द्या. बाग करते. साऱ्या गावाची."

पाटील हसला. "माळावर बाग? भिवरे, ऊन लागलंय तुला."

"एक वरीस द्या. पुढल्या पाडव्याला चाळीस झाडं हिरवी दिसली नाहीत, तर लावा भट्टी. आन् मी गाव सोडून जाते."

"गेलीसच म्हणून समज!"

आता तिला जायला दुसरं गाव नव्हतं बरं का. माहेर कधीच पटकीच्या साथीत ओस पडलेलं. पण बोलून गेली बाई.

अमावस्येला आपल्याकडं बैल जुंपत नाहीत. मग बाप्ये पारावर बसून नुसत्या चकाट्या पिटतात. तेव्हाही पिटायचे. भिवरेनं त्यांच्या हातात कुदळी दिल्या आणि माळावर नेलं. बायका मागनं शेणखत घेऊन. तिचा एकच कायदा होता. जो म्हणेल मी मोठा, त्यानं खताची पाटी उचलायची. म्हणून त्या वर्षी गावात कुणी मोठा माणूसच उरला नाही, असं म्हणतात.

खड्डे झाले चाळीस. घरंही चाळीस. कडुनिंब, चिंच, करंज, उंबर लागले. ज्यानं त्यानं ओळखीला आपल्या झाडाला घरच्या कापडाची चिंधी बांधली. कुणी लुगड्याची, कुणी धोतराची. पाटलानं तेवढी दिली नाही.

आणि तिथंच सगळे चुकले. जो तो आपल्याच झाडाला पाणी घाली. सकाळी घाली, दुपारी घाली, संध्याकाळी घाली. लोहारीण ताक ओतून यायची. शिंपी गूळपाणी पाजायचा. वाण्याची आई बुंध्याला चमचाभर तूप लावायची, बाळंतिणीला लावावं तसं! शेजारचं झाड सुकलं तर मान वळवून बघायचं नाही. दोन महिन्यांत निम्मी झाडं गेली. काही लाडानं कुजली, काही दुर्लक्षानं वाळली.

भिवरा रडली नाही. परसातली रोपं आणून तिनं खड्डे भरले. मग सगळ्या चिंध्या सोडल्या, मडक्यात कोंबल्या आणि मडकं काखेत मारून म्हणाली, "आता एकेक झाड एकेका घराला नव्यानं नेमून दिलंय. कुणाचं कुठलं, ते मला ठाऊक. मी सांगायची नाही."

झालं! गावाच्या पोटात दुखायला लागलं. माझं कुठलं? ते कोपऱ्यातलं मरतुकडं तर नव्हे? वाण्याची आई पुरणपोळी घेऊन गेली. "भिवरे, मला एकटीला सांग. कुणाला बोलायची नाही." भिवरेनं पोळी खाल्ली, बोटं चाटली, म्हणाली, "गोड होती हं," आणि खुरपं घेऊन चालू पडली.

मग करतात काय? सगळ्याच झाडांना थोडं थोडं पाणी घालायला लागले. त्या साली पाऊस रुसला. विहिरीनं तळ दाखवला. तरी हात धुतलेलं, भांडी घासलेलं, पोर न्हाऊ घातलेलं पाणी माळावर जायला लागलं. असं म्हणतात की भिवरा मातीवर हात ठेवून सांगायची, आज लोहाराघरचं कुणी आलं नाही. आणि तिच्या रिकाम्या घागरीतनं चाळीस झाडांना पुरेल एवढं पाणी पडायचं. कुठनं, ते घागरीलाच विचारा.

पाडवा आला. पाटील माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन आला. मोजली. चाळीस! वर्षाचीच झाडं, पण पुरुषभर उंच आणि खाली थंडगार सावली, असं म्हणतात.

पाटलाचं तोंड उतरलं, पण शब्द पाळेल तो पाटील कसला? "बरं झालं," म्हणाला, "भट्टीला सरपण आयतंच आलं." आणि कुऱ्हाड उचलली.

भिवरा पुढं झाली.

"तोडा की. पण यातलं एक तुमच्या नावाचं हाय, पाटील."

"मी कधी चिंधी दिली?"

"द्यायची कशाला? तुमचं पागोटं वाळत होतं वलणीवर."

पाटलानं डोक्यावरचं पागोटं काढून बघितलं. खरंच की! टोक गायब. उंदरानं कुरतडलं की भिवरेनं फाडलं, आजवर कुणाला कळलं नाही.

पहिल्या झाडाशी गेला. हे असलं तर? दुसऱ्याशी गेला. हे असलं तर? आपल्या नावाचं झाड आपल्याच हातानं कसं तोडावं! ऊन डोक्यावर येईस्तोवर चाळीस झाडं फिरला. शेवटी एका चिंचेखाली टेकला, कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "पाणी कुठनं आणता गं तुम्ही?"

"हात धुवा," भिवरा म्हणाली, "पण झाडाच्या बुडाशी."

पुढं बऱ्याच वर्षांनी एका अमावस्येला ती आळं करायला गेली आणि परत आलीच नाही. मातीत रोवलेलं खुरपं सापडलं, बाई नाही. त्या दिवसापासून झाडं मोजली की कुणाची चाळीस भरतात, कुणाची एक्केचाळीस. मी स्वतः तीनदा मोजलीत. सांगणार नाही.

अजून अमावस्येला गाव माळावर जातं. त्यालाच भिवरेचं मंडळ म्हणतात; त्याला अध्यक्ष नाही, खताची पाटी मात्र आहे. आणि नवी नवरी गावात आली की चूल दाखवायच्या आधी तिच्या हातात तांब्या देऊन माळावर नेतात. सासू म्हणते, "यातलं एक तुझं हाय गं."

"कुठलं, आत्याबाई?"

सासू नुसती गालात हसते. तिला तरी कुठं ठाऊक असतं!