झटक्याची तार

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात दुरुस्ती करणाऱ्याला चषक होता. एका मोटारीचे मालक बापूसाहेब जहागीरदार म्हणाले, "इंजिनाला ठिणगी देणारी ही कॉइल मीच जोडली." त्या मोटारीवर तीन महिने राबलेले मुजावर मिस्त्री मागे उभे होते. मी परदेशात शिकून आलेला नवा परीक्षक; मी त्यांना पुढे बोलावलं.

मिस्त्री म्हणाले, "सरकार, कॉइलच्या ह्या दोन उघड्या तारा. एक झटका देती, एक न्हाई. तुमीच जोडल्यात, तर बिनझटक्याची धरा. मी हॅन्डल मारतो."

सरकारांचे हात खिशात गेले. मिस्त्रींनी एक तार मुठीत धरली. मी हॅन्डल मारलं. इंजिन धडधडलं, मिस्त्री हसत उभे.

तरी बाकीच्या परीक्षकांनी चषक मोटारीच्या मालकालाच दिला. सरकार तो घेताना अडखळले.

"घ्या बिनधास्त," मिस्त्री म्हणाले. "ह्याचा झटका आमालाच बसतो."