स्थिरेचा वर आणि स्थिरेचा शाप

पूर्वी, पर्वतांना अद्याप नावेही पडली नव्हती त्या काळी, पृथ्वीवरील भूमी खंडाखंडांनी विखुरलेली होती आणि त्यांच्यामध्ये वरुणाचे अथांग राज्य पसरले होते. दक्षिणेच्या एका खंडावर, उंच नेच्यांच्या अरण्यात, दिवंगत महर्षी अघर्षणांची पत्नी स्थिरा एकटीच आश्रम सांभाळीत असे. केतुवर्मा आणि शर्मद हे तिचे दोन्ही पुत्र पित्याच्या आज्ञेने समुद्रापलीकडील दोन निरनिराळ्या खंडांवर राज्य करीत होते.

मुलांची तोंडे दिसत नाहीत या दुःखाने पोळलेल्या स्थिरेने समुद्रात गळ्यापर्यंत उभे राहून घोर तप आरंभिले. मिठाने तिची त्वचा फाटली, मत्स्यांनी केस कुरतडले. अखेर पाशधारी वरुण प्रकट झाला.

"भगवन्, सर्व भूमी एकत्र आणा," ती म्हणाली. "माझ्या लेकरांमध्ये पाणी नको."

"देतो. पण पाणी वैरही अडवून धरते, देवी."

"ती माझी मुले आहेत."

वरुणाने पाश ओढला. महाखंड एकमेकांवर आदळले, त्यांच्या कडा चुरगळून मेघांना भिडणारा पर्वत उभा राहिला आणि पृथ्वीवर एकच भूमी उरली. दोघे भाऊ पर्वत उतरून आले, गळ्यात गळा घालून रडले. स्थिरेने दोघांना एका पानावर जेवू घातले.

पुढे त्या पर्वतात रत्ने सापडली. माझ्याच भूमीची कड वर आली, असे दोघेही म्हणू लागले आणि सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. स्थिरा धावत मध्ये गेली.

"केतू, शस्त्र ठेव. तुम्ही जवळ यावे म्हणून मी देह झिजवला."

"तो वर मागताना आम्हाला विचारले होतेस, आई?" केतुवर्मा शांतपणे म्हणाला. "आम्ही दूर होतो तेव्हा सुखी होतो. बाजूला हो."

ती हलली नाही. तिच्या डोक्यावरून त्याने भाल्यासारखी शक्ती फेकली आणि मागे उभा असलेला शर्मद तिच्या पायांशी कोसळला.

त्याचे मस्तक मांडीवर घेऊन स्थिरा केतुवर्म्याला म्हणाली, "ही भूमी दुभंगो. तुझी सावलीही माझ्या दारात न पडो."

पृथ्वी विदीर्ण झाली. फटीतून अग्नी उसळला, मागोमाग समुद्र आत शिरला. त्या पाण्यावर वरुण उभा राहिला.

"तुझा शाप खरा होईल. पण माझा वरही मला खोटा करता येत नाही. ही भूमी फुटेल, पुन्हा जुळेल, पुन्हा फुटेल. याला अंत नाही."

"मला आता काहीच नको," स्थिरा म्हणाली.

दूर सरकणाऱ्या तीरावरून केतुवर्म्याने तिला हाक मारली. ती तिला स्पष्ट ऐकू आली. तिने मान वर केली नाही. शर्मदाच्या चितेसाठी ती लाकडे रचीत राहिली.

तेव्हापासून भूमी चालतेच आहे, बोटाचे नख वाढावे इतक्या मंद गतीने. कधीतरी ते दोन तीर पुन्हा भेटतील. पण हाक मारणारा आणि ती ऐकून गप्प राहणारी, दोघेही तेव्हा नसतील.