सारजेचा घोडा

फार वर्षांपूर्वी, साहेबाचं राज्य होतं तेव्हा, घोळवाडीत सारजा लोहारीण राहत होती. एका पायाने अधू. तिच्या घणाचा आवाज डोंगरापलीकडे जायचा आणि तोंडाचा त्याच्याही पुढे, असं म्हणतात.

गावचा पाणवठा खाली घळीत. तिथे एक वाघ येऊन बसू लागला. ढोल बडवले, डबे वाजवले, वाघाला त्याची सवय झाली. तो भ्यायचा फक्त पाटलांच्या रिव्हॉल्वरला. विलायतेला परत जाताना एक साहेब ते पाटलांना देऊन गेला होता, आणि तेव्हाच ते म्हातारं झालेलं. रोज सकाळी पाटील एक बार हवेत काढायचे, वाघ उठून जायचा, बाया पाणी भरायच्या.

एक दिवस रिव्हॉल्वरचा घोडा मोडला. घोडा म्हणजे मागचा भाग, जो गोळीवर आपटतो. एवढासा तुकडा. पण बार निघेना, वाघ हलेना, आणि बायांना दोन कोसांवरून पाणी आणायची पाळी आली. सारजेच्या सुनेला, हौसेला, नुकतेच दिवस गेले होते. तीही हंडा घेऊन निघाली.

सारजा म्हणाली, "पाटील, द्या इकडं. मी घडवते."

"सारजे, विलायती वस्तू आहे ती. तुझं खुरपं नव्हे."

मग पाटील मुंबईला गेले. एक दुकानदार म्हणाला, ही जात आता निघत नाही, नवं घ्या. दुसऱ्याने भलताच घोडा दिला आणि म्हणाला, बसेल. तो बसला नाही. पुण्यात एकाने मोडका तुकडा मापाला ठेवून घेतला आणि हरवला. प्रत्येक खेपेला सारजा विचारायची, "आता तरी देता का?" आणि पाटील मिशी चाचपायचे.

शेवटी त्यांनी साहेबालाच पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजी येत होतं एकट्या चिंतोपंत मास्तरांना. टपालात लोक पत्रं फोडून वाचतात, हत्याराचं नाव कागदावर नको, म्हणून मास्तरांनी ते गाळलं आणि लिहिलं: आपण दिलेला घोडा मोडला आहे, त्याच जातीचा दुसरा पाठवावा. आता इंग्रजीत घोडा म्हणजे गवत खातो तोच. हे मास्तरांना कळायला हवं होतं, पण शिकलेल्या माणसाला कोण सांगणार.

सहा महिन्यांनी उत्तर आलं, सोबत एक पुडकं. मास्तरांनी चावडीवर वाचलं: "घोडा गेल्याचं वाचून फार दुःख झालं. बोटीने घोडा धाडणं जमणार नाही. माझ्या लाडक्या घोडीची नाल आठवण म्हणून पाठवतो."

सारजा म्हणाली, "माझी सून नववा लागला तरी पाणी वाहतेय, आणि तुम्ही घोड्याचं सुतक पाळा." तिने नाल उचलली, दगडावर वाजवून पाहिली. "लोखंड मात्र चोख हाय. पाटील, ते रिव्हॉल्वर माझ्या हातात द्या, न्हाईतर उद्यापासून हंडा तुम्ही उचला."

पाटलांनी दिलं.

तीन दिवस भाता थांबला नाही. मापाला तुकडा नव्हता, तर सारजेने नुसती खाच बघून घोडा घडवला. उडालेल्या ठिणग्या खाली पडल्याच नाहीत, असं म्हणतात. चौथ्या दिवशी घोडा बसला, आणि त्याच सकाळी हौसेला कळा सुरू झाल्या. घरात पाण्याचा थेंब नाही.

पाटील धावत आले. "सारजे, गोळ्यांना ओल लागलीय, एकही उडायची नाही. साहेबाला पत्र लिहू का?"

सारजेने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग कमरेवर हंडा, हातात रिकामं रिव्हॉल्वर, लंगडत घळीत उतरली. वाघ पाण्याशी आडवा पडला होता. तिने घोडा ओढला आणि सोडला.

खट्ट.

गोळी नाही, बार नाही. पण तो आवाज घळीच्या सात कड्यांवरून फिरून आला, वाघ उठला, वाट सोडून वर गेला, तो आजतागायत उतरला नाही, असं म्हणतात. त्या पाण्याने हौसेच्या लेकीला पहिली अंघोळ घातली.

घोळवाडीत आता दारात नळ आहेत. दुकानातून चुकीचा सुटा भाग आला, तर अजूनही कुणी परत करायला जात नाही. सारजेच्या दाराशी जो लिंब आहे, त्याला बांधून येतात. आणि कुणाच्या घरी मूल जन्मलं, की अंघोळीच्या हंड्यावर घरातली थोरली बाई लोखंडाने एकदा ठोकते. ती विसरली, तर सुईण मुलाला अंघोळ घालत नाही. आधी विचारते, "घोडा ओढला का?"