पेटीतला रिकामा खण

नदीकाठच्या एका गावात एक तांबट होता. दिवसभर तांबं ठोकून ठोकून तांब्याच्या पैशाचं त्याला काही अप्रूप उरलं नव्हतं. नाद होता तो भलत्याच नाण्यांचा. शिशाचं, कथलाचं, चामड्याचं, चिनी मातीचं, एक तर चक्क शिंपल्याचं! घरात डब्यात पीठ असो नसो, नाण्यांच्या पेटीचे खण मात्र रोज पुसले जात.

त्या गावच्या म्हाताऱ्या नावाड्याची एक रीत होती. पलीकडे बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला तो करवंटीचा एक बिल्ला देई. माणूस परतला की बिल्ला मागून घेई आणि खोपीतल्या खुंटीला अडकवी. पलीकडे मुक्काम करायचा असेल तर आधी सांगावं लागे. दिवस मावळताना एखादी खुंटी रिकामी दिसली, की कुणीतरी मागे राहिलंय म्हणून तो पुन्हा होडी काढी.

तांबटाची भांडी एरवी त्याची बायकोच बाजारात नेई. एकदा ती माहेरी गेली म्हणून तो स्वतः निघाला, आणि हातात आलेला बिल्ला बघतच राहिला. हाताळून हाताळून काळा कुळकुळीत झालेला, मधोमध मासा कोरलेला. करवंटीचं नाणं त्याच्या पेटीत नव्हतंच! "एवढे ढीगभर बिल्ले आहेत, एकाने काय बिघडतंय?" असं मनाशी म्हणत त्याने तो कमरेला खोचला. येताना होडी काठाला लागली, तशी स्वारी गर्दीतून सटकली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो नावाडणीची दुरुस्त केलेली घागर द्यायला घाटावर गेला. वर कुठेतरी पाऊस झाला होता. नदी फुगली होती आणि काठावर माणसं जमली होती.

"कुणीतरी पलीकडं राहिलंय, तांबटदादा," नावाडीण रडवेली होऊन म्हणाली. "पाच दिस झाले, रोज जाऊन हाका मारून येतात. आज पाण्याला ओढ आहे, जाऊ नका म्हटलं, तर म्हणाले, तो बिचारा वाट बघत असंल."

रिकामी खुंटी आपल्याच पेटीतल्या बिल्ल्याची, हे तांबटाने ओळखलं. आधी वाईट विचारच मनात आला, खोटं कशाला सांगा? आपण कारागीर माणूस. तसाच दुसरा बिल्ला कोरावा, गुपचूप खुंटीला अडकवावा, कुणाला पत्ताही लागणार नाही. एवढ्यात नदीच्या मधून थकलेली हाक आली, "कुणी हाय का होऽऽ?" होडी गरगरत होती. ती हाक आपल्यासाठीच आहे, हे त्याला उमगलं.

मग त्याने लाज सोडली. सगळ्या गावासमोर तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाबाऽऽ, मागे फिरा! तो मीच! बिल्ला माझ्याकडं आहे!"

लोकांनी त्याला काय काय सुनावलं, ते इथे लिहायला नको. सगळ्यांनी दोर टाकून होडी ओढून घेतली. तोवर तांबट धावत घरी जाऊन बिल्ला घेऊन आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

म्हाताऱ्याने बिल्ल्याकडे पाहिलंच नाही. ओल्या हातांनी त्याने तांबटाचे दोन्ही खांदे धरले. "म्हणजे सगळी माणसं घरी आहेत! लई बरं झालं. एवढा आवडला असंल तर ठेव लेका, मी दुसरा करीन."

तांबटाला रडू आवरेना. त्याने आपल्या हातांनी बिल्ला खुंटीला अडकवला आणि म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

पुढे त्याची पेटी बघायला लांबून लांबून माणसं येत. तो त्यांना आधी एक रिकामा खण दाखवी. लोक विचारत, "यात काय होतं?"

"करवंटीचा एक तुकडा," तांबट म्हणे. "मी घरात आरामात जेवत होतो, तेव्हा त्याच्यामुळं एक म्हातारा पाच दिवस मला शोधत होता. एवढी माया मला दुसऱ्या कुठल्या नाण्यानं दाखवली नाही."

तात्पर्य: आपल्यासाठी कुणी काळजीने हाक मारत असेल, तर लगेच ओ द्यावी, आणि त्या हाकेचे उपकार जन्मभर विसरू नयेत.